पाठीतले पाणी काढणे

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती खेळणाऱ्या द्रवाचा नमुना कमरेच्या मणक्यांमधून सुईने काढण्याच्या तपासणीला लंबर पंक्चर किंवा कटिवेध म्हणतात. खान्देशात ती ‘पाठीतलं पाणी काढणं’ म्हणूनच ओळखीची आहे. जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत रूढ केली. मेंदूज्वराच्या निदानासाठी ती आजही सर्वांत भरवशाची आहे.

संमतीच्या कागदावर सही करायची वेळ आली की नातेवाइकांच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो: ‘पोरले लकवा हुई जाई का?’ याचे उत्तर त्यांना नीट, न चिडता मिळायला हवे. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई घालतात त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या फटीत. तिथे नसांचे सुटे धागे द्रवात तरंगत असतात आणि सुई आली की ते सहसा बाजूला सरकतात. तान्ह्या बाळात मज्जारज्जू जरा खालपर्यंत असतो, म्हणून त्याला सुईही खालच्याच फटीत देतात. हातपाय लुळे पडतात ते बहुधा मूळ आजाराने. गावात मात्र आठवण सुईची राहते. या भीतीने रुग्णाला घरी नेणे फार महागात पडते, कारण क्षयाचा मेंदूज्वर उपचाराविना जवळजवळ नेहमीच जीव घेतो.

काढलेल्या पाण्याने अशक्तपणा येतो, हाही गैरसमजच. मोठ्या माणसात हा द्रव सुमारे १५० मिलि. असतो आणि शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलि. नवा तयार करते. तपासणीला साधारण दोन लहान चमचे पुरतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगावे. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. फिट आली असेल किंवा रुग्ण गुंगीत असेल, तर बहुधा आधी सीटी स्कॅन करतात. मग कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवतात आणि जागा बधिर करतात. पायात करंट लागल्यासारखे झाले तर हलू नये, तोंडाने सांगावे.

नंतरचा खरा त्रास डोकेदुखीचा. बसले-उठले की ठणका, आडवे झाले की आराम, ही तिची खूण. तासन्तास सपाट निजवून ठेवल्याने ती टळत नाही. बोथट टोकाची बारीक सुई वापरली तर प्रमाण कमी होते. बहुतेकांची आठवडाभरात थांबते. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या रुग्णाला त्याच दिवशी एसटीत बसवून घाटातून नेण्यापेक्षा एक मुक्काम केलेला बरा, असे वाटते. पायात नवी कमजोरी, लघवी अडणे, ताप किंवा सुईच्या जागेतून पाणी झिरपणे दिसले तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.

पेशी, प्रथिने आणि साखर यांचे आकडे बहुधा त्याच दिवशी कळतात. साखरेची तुलना करता यावी म्हणून हाताचे रक्तही घेतात. क्षयासाठीची सीबीनॅट तपासणी काही तासांत होते, कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, आठवडे लागतात. सीबीनॅट निगेटिव्ह आली तरी क्षय नाही असे ठरत नाही. म्हणून लक्षणे पाहून डॉक्टर क्षयाचे औषध सुरूच ठेवू शकतात.