मिसोला नारळ भेटेपर्यंत

नारळाच्या दुधात पांढरा मिसो, म्हणजे मुरवलेल्या सोयाबीनची खारट जपानी पेस्ट, थोडा सोया सॉस, आल्याचा रस आणि वरून लिंबू. हा सॉस हल्ली नूडल्सवर, भाजलेल्या वांग्यावर, तोफूवर ओतला जातो आणि त्याला सरळ ‘जपानी’ म्हटलं जातं. चवीला तो उत्तम लागतो, पण जपानच्या जुन्या स्वयंपाकात नारळ शोधायला गेलं तर हाती काहीच लागत नाही. या सॉसमागे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गाठ फार उशिरा पडली.

जपानच्या मुख्य बेटांवर नारळ होत नाही, तिथली थंडी त्याला सोसत नाही. तिथे तो समुद्रातून वाहत यायचा. १८९८ च्या उन्हाळ्यात यानागिता कुनिओ आइची प्रांतातल्या इरागो या भूशिरावर राहत होते. पुढे जपानी लोकसंस्कृतीचे थोर अभ्यासक म्हणून ओळखले गेलेले यानागिता तेव्हा विद्यार्थी होते. किनाऱ्यावर फिरताना त्यांना लाटांनी आणून टाकलेला नारळ दिसला. कुरोशिओ हा उबदार सागरी प्रवाह त्याला कुठल्याशा दक्षिणेकडच्या बेटावरून घेऊन आला होता. ही हकिकत त्यांनी कवी शिमाझाकी तोसोन यांना सांगितली. तोसोन यांची त्यावरची कविता १९०१ च्या संग्रहात आली, १९३६ मध्ये तिला चाल लागली आणि ती घरोघर पोहोचली. त्यामुळे जपानी माणसाच्या मनात नारळ आधी गावापासून तुटल्याची हुरहुर होऊन बसला, ताटात तो बऱ्याच नंतर आला. इरागोच्या लोकांनी ही आठवण फार मायेने जपली आहे. १९८८ पासून ते सुमारे १,६०० किलोमीटरवरच्या इशिगाकी बेटाजवळ समुद्रात नारळ सोडतात आणि त्यांची वाट पाहतात.

याच आइची प्रांतात ओकाझाकी शहर आहे, हात्चो मिसोचं गाव. किल्ल्यापासून आठ ‘चो’, म्हणजे पाऊण किलोमीटरपेक्षा थोडं जास्त अंतरावर तो बनतो म्हणून हे नाव. फक्त सोयाबीन, मीठ, पाणी आणि कोजी ही बुरशी. सुगी या जपानी झाडाच्या लाकडाच्या प्रचंड पिंपात हा ऐवज भरतात, वर नदीतले गोटे शंकूसारखे रचतात आणि दोन वर्षांहून जास्त काळ मुरू देतात. दगड नुसते टाकलेले नसतात, एकेक जागेवर बसवलेला असतो. ते रचणं शिकायलाच वर्षं जातात. एकाच प्रांताच्या किनाऱ्यावर नारळ येऊन लागत होते आणि आतल्या कोठारांत मिसो मुरत होता, तरी दोघं एका भांड्यात कधी आले नाहीत. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत हृद्य गोष्ट वाटते.

सॉससाठी मात्र हात्चो चालत नाही, त्याचा उग्रपणा नारळाला दाबून टाकतो. लागतो तो क्योतोकडचा पांढरा मिसो. त्यात तांदळावर वाढवलेली कोजी जास्त, मीठ कमी आणि मुरण्याचा काळही थोडा, म्हणून तो गोडसर असतो.

ही जोडी जमते कशी, याचं उत्तर १९०८ मध्ये तोक्योत मिळालं. रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामेट हा खोल, रुचकर चव देणारा घटक वेगळा केला आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. सोयाबीन मुरताना कोजी त्यातली प्रथिनं फोडते आणि तेच ग्लुटामेट मोकळं होतं. नारळाच्या दुधात स्निग्धपणा आहे, गोडवा आहे, पण ही खोल चव फारशी नाही. ती उणीव मिसो भरून काढतो. उलट बाजूने पाहिलं तर बौद्ध प्रभावामुळे शतकानुशतकं मांसाहारावर बंधनं असलेल्या जपानी स्वयंपाकात स्निग्ध पदार्थ बेताचेच होते. नारळ तेच घेऊन आला.

पण तो यायला वेळ लागला. १८७२ मध्ये जपानी पाकपुस्तकांत करी आली ती इंग्रजांच्या वाटेने: करी पावडर आणि मैद्याने दाट केलेला रस्सा, नारळ नाही. १९१४ मध्ये जपानने मायक्रोनेशियातली जर्मन बेटं घेतली आणि नारळाच्या बागाच बागा हाती आल्या. तरी तिथून निघायचं ते मुख्यतः सुकं खोबरं, तेल गाळायला. १९२७ मध्ये तोक्योतल्या शिंजुकूच्या नाकामुराया या दुकानात क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्या पाककृतीची भारतीय करी मिळू लागली. लोकांना मैद्यावाचूनची करी कळली ती तेव्हा.

नारळाचं दूध खऱ्या अर्थाने रुळलं ते १९८० च्या दशकात, थाई आणि इतर आग्नेय आशियाई जेवणाची लाट आली तेव्हा. साबुदाण्यासारख्या तापिओकाच्या मोत्यांबरोबर ते गोडात गेलं. १९९३ मध्ये फिलिपिन्सच्या नाता दे कोकोने, म्हणजे नारळपाण्यापासून बनणाऱ्या जेलीने, दुकानं भरली.

याच सुमारास उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या साप्पोरोत सूप करी, म्हणजे पातळ रश्श्याची करी, नावारूपाला आली. तिचं मूळ १९७० च्या दशकातल्या तिथल्या एका कॅफेकडे नेलं जातं. कॅफेचं नाव होतं ‘अजंता’. आपल्या लेण्यांचं नाव होक्काइदोच्या बर्फात एका रश्श्याच्या जन्माशी जोडलेलं आहे, हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आज तिथल्या अनेक दुकानांत रस्सा निवडताना नारळाच्या दुधाचा पर्याय असतो, आणि काही ठिकाणी खालचा आधार दाशीचा, म्हणजे कोंबू वगैरेंच्या जपानी काढ्याचा असतो. घरच्या सॉसचा सर्वांत जवळचा पूर्वज शोधायचाच तर मी तिथे बोट ठेवीन.

घरी करताना हाच इतिहास हाताशी येतो. एक वाटी जाड दूध, म्हणजे खवलेलं खोबरं वाटून पिळलेलं पहिलं दूध, त्याला एक मोठा चमचा पांढरा मिसो पुरतो. दूध फक्त कडेला वाफ धरेपर्यंत तापवायचं. जास्त तापलं तर त्यातली प्रथिनं गोळा होतात आणि तेल सुटतं, आणि सोलकढी करणाऱ्या हाताला ते सांगावं लागत नाही. मिसोही उकळायचा नसतो, त्याचा सुगंध उडतो. म्हणून तो वाटीत चमचाभर कोमट दुधात कालवायचा, गुठळ्या मोडायच्या आणि गॅस बंद केल्यावर भांड्यात सोडायचा. मग आल्याचा रस, सोया सॉसचे थोडे थेंब आणि अगदी शेवटी लिंबू. मीठ चाखल्याशिवाय घालू नये, कारण मिसो आणि सोया सॉस ते घेऊनच आलेले असतात.