पोर्ट ट्रस्ट रेल्वेची पायी सहल : येण्याआधी एवढे वाचा

डॉकयार्ड रोडला उतरू नका. सहल बॅलार्ड इस्टेटमधून निघते, त्यासाठी सीएसएमटीला उतरायचे. दर रविवारी कोणीतरी हार्बर लाइन समजून डॉकयार्ड रोडवरून फोन करते आणि साऱ्या गटाचा अर्धा तास जातो.

हार्बरची लोकल वेगळी. ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली ती त्या मार्गावर. आपण पाहतो ती मुंबई बंदराची (पोर्ट ट्रस्टची) स्वतःची, मुख्यतः मालाची रेल्वे, १९१५ साली सुरू झालेली. बॅलार्ड पिअर ते वडाळा अंतर जेमतेम ११ किलोमीटर, पण गोद्या, गोदामे आणि यार्डांतले फाटे धरून रूळ सुमारे १३० किलोमीटर! वडाळ्याच्या यार्डात वाघिणी (मालाचे डबे) मोठ्या रेल्वेकडे सोपवल्या जात. शिवडी-वडाळ्याकडे दोन्ही मार्ग शेजारून जातात, म्हणून घोळ होतो, हे आम्हालाही कळते.

सुरुवात बॅलार्ड इस्टेटलाच का, असेही विचारतात. अलेक्झांड्रा गोदी (आजची इंदिरा गोदी) १९१४ साली सुरू झाली. तिच्या खोदकामातून निघालेल्या मातीची भर घालून ही जमीन तयार झाली. पुढे इथल्याच मोल स्टेशनावर विलायतेच्या बोटीतून उतरलेले लोक फ्रंटियर मेलमध्ये बसून थेट पेशावरकडे निघत. हे त्या जागी उभे राहून ऐकण्यात वेगळेच काही आहे.

१४ एप्रिल १९४४चा स्फोटही आम्ही सविस्तर सांगतो. व्हिक्टोरिया गोदीतल्या 'फोर्ट स्टिकिन' बोटीत कापूस आणि दारूगोळा एकत्र भरला होता. त्याच बोटीतल्या सोन्याच्या विटांबद्दल सगळेच विचारतात. आग विझवताना गेलेल्या ६६ जवानांबद्दल आम्ही आधी बोलतो.

नंतर कंटेनर आले, १९८९ला खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, उरलेला माल ट्रकवर गेला. शहराकडचे रूळ कुठे डांबराखाली गेले, कुठे गवतात.

गोदीच्या फाटकाआत आम्ही नेत नाही. तिथे परवान्याशिवाय प्रवेश नाही आणि 'ओळखीने' आत जाणे आम्हाला मान्य नाही. सार्वजनिक रस्त्यावरून दिसते तेवढेच दाखवतो, पण जुने नकाशे हातात देऊन. गट बाराचाच ठेवतो, कारण ट्रकांच्या आवाजात मागच्यांना ऐकू येत नाही. सकाळी सातला निघतो, उशिरा येणाऱ्यांसाठी थांबत नाही. शाळांसाठी शनिवारी वेगळी सहल ठरवता येते.

घरात कोणी गोदीत काम केलेले असेल तर त्यांना जरूर घेऊन या. त्यांचे शुल्क आम्ही घेत नाही.