थिंग्ज टू कम (चित्रपट)

'थिंग्ज टू कम' हा १९३६ साली प्रदर्शित झालेला ब्रिटिश विज्ञानकथापट. पटकथा विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स यांची, निर्मिती अलेक्झांडर कोर्डा यांची आणि दिग्दर्शन विल्यम कॅमेरॉन मेन्झिस यांचे. १९४० ते २०३६ या काळात एक शहर कसे उद्ध्वस्त होते, रानटी होते आणि नव्याने कसे उभे राहते, एवढेच त्याचे कथानक. शहराचे नाव 'एव्हरीटाउन', म्हणजे कुणाचेही गाव. मात्र चौकामागे दिसणारा घुमट सेंट पॉल कॅथेड्रलची इतकी आठवण करून देतो, की हे 'कुणाचेही गाव' म्हणजे लंडन, हे लपत नाही.

चित्रपटाचा आधार वेल्स यांचे १९३३ चे 'द शेप ऑफ थिंग्ज टू कम' हे पुस्तक. ती कादंबरी म्हणावी तर तिच्यात पात्रे जवळजवळ नाहीत. भविष्यातल्या कुणीतरी लिहिलेला इतिहासग्रंथ असावा, असा तिचा घाट आहे. तो पडद्यावर आणताना वेल्स यांनी कॅबल आणि पासवर्दी ही दोन घराणी कल्पिली. रेमंड मॅसी यांनी १९४० मधला वैमानिक जॉन कॅबल आणि २०३६ मधला त्याचा वंशज ऑस्वाल्ड कॅबल, असे दोघेही रंगवले. तरीही पुस्तकाचा मूळ स्वभाव सुटला नाही. माणसे एकमेकांशी बोलण्याऐवजी भाषणे देतात, हा या चित्रपटावरचा सर्वांत जुना आक्षेप आहे आणि तो खराही आहे.

पहिला भाग मात्र आजही अंगावर येतो. नाताळचे दिवस, खरेदीची गर्दी, नाताळगीते आणि त्यांच्या मधेमधे युद्धाच्या बातम्यांचे फलक. पासवर्दी म्हणतो, असले काही होणार नाही. त्याच रात्री विमाने येतात. शत्रू कोण, भांडण कशाचे, हे चित्रपट सांगतच नाही. युद्ध पुढे वर्षानुवर्षे चालते. एका प्रसंगात कॅबल शत्रूचे विमान पाडतो आणि जखमी वैमानिकाला मदत करायला स्वतः खाली उतरतो. त्या वैमानिकानेच सोडलेला विषवायू जवळ येत असतो. तेवढ्यात एक लहान मुलगी धावत येते आणि वैमानिक आपला वायुमुखवटा तिला द्यायला सांगतो. कॅबल मुलीला घेऊन निघतो, जाताना त्याच्यापाशी पिस्तूल ठेवतो. एकटा उरलेला तो तरुण स्वतःशीच हसतो: हिच्या आईबापांना कदाचित मीच मारले असेल, आणि हिला वाचवायला मुखवटाही मीच दिला. पुढच्या तासाभराच्या उपदेशात या दोन मिनिटांच्या तोडीचे काही नाही.

प्रत्यक्ष महायुद्ध चित्रपटातल्या तारखेच्या सुमारे सव्वा वर्ष आधीच सुरू झाले आणि लंडनवरचे सलग बॉम्बहल्ले सप्टेंबर १९४० मध्ये. शहरांवर आकाशातून विषवायू सोडला जाईल ही भीती त्या युद्धात खरी ठरली नाही, पण ती एकट्या वेल्स यांची नव्हती. १९३८ मध्ये ब्रिटिश सरकारने सामान्य नागरिकांना वायुमुखवटे वाटले होते.

१९६६ पर्यंत एव्हरीटाउन ढिगाऱ्यात राहते आहे. शत्रूने पसरवलेली 'भटकी साथ' लागलेली माणसे झोपेत चालावे तशी भटकत सुटतात आणि त्यांना गोळ्या घालून साथ आटोक्यात आणणारा 'बॉस' १९७० मध्ये गावाचा धनी होऊन बसतो. राल्फ रिचर्डसन यांनी हा फरचा अंगरखा घालून मिरवणारा पुंड इतका चवीने साकारला आहे, की सगळ्या शहाण्यांपेक्षा तोच लक्षात राहतो. पेट्रोल संपलेले असल्यामुळे मोटारगाडी घोड्यांना जुंपली आहे. मोडकी विमाने उडवायला इंधन हवे म्हणून बॉसला शेजारच्या डोंगरी लोकांची कोळशाची खाण हवी आहे. एवढ्यात एक अनोखे विमान उतरते आणि त्यातून म्हातारा जॉन कॅबल बाहेर येतो. उरलेसुरले अभियंते आणि वैमानिक यांनी 'विंग्ज ओव्हर द वर्ल्ड' ही संघटना बांधली आहे आणि तिचे ठाणे आहे इराकमधले बसरा.

आपल्याला बसरा म्हटले की नथीतले मोती आठवतात. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या मराठा पलटणींच्या घरांना कदाचित आणखीही काही आठवत असेल. वेल्स यांच्या वाचकाला मात्र ते हवाई मार्गावरचे ठाणे म्हणून ठाऊक होते. १९२२ पासून इराकवर ताबा ठेवण्याचे काम ब्रिटनने प्रामुख्याने आपल्या हवाई दलाकडे सोपवले होते. बंड झाले की सैन्य पाठवण्यापेक्षा विमाने पाठवायची, ही ती पद्धत. चित्रपटातल्या शहाण्या वैमानिकांची रीत याहून फार निराळी नाही. त्यांची अजस्र विमाने एव्हरीटाउनवर येतात आणि 'शांतिवायू' सोडतात. लोक झोपी जातात, उठतात तेव्हा राज्य बदललेले असते. मरतो फक्त बॉस. पहिल्या भागात आकाशातून आलेला वायू हा गुन्हा आणि दुसऱ्या भागात तोच उपाय. वेल्स यांना यात विसंगती दिसली नाही. ती जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४१ च्या एका निबंधात नेमकी हेरली: विज्ञान, नियोजन, काँक्रीट, विमाने हे वेल्स यांना हवे असलेले बरेच काही नाझी जर्मनीत हजर आहे, पण ते रानटी कल्पनांच्या सेवेत, असा त्यांचा रोख होता.

यानंतर येतो तो पुनर्उभारणीचा प्रसिद्ध तुकडा. संवाद जवळजवळ नाहीत. डोंगर पोखरणारी यंत्रे, वितळलेला धातू, काचेच्या नळ्या आणि त्यांच्यापुढे मुंगीएवढी माणसे. मेन्झिस मूळचे कला-दिग्दर्शक, या कामासाठीचे पहिलेवहिले ऑस्कर त्यांच्याच नावावर आहे. माणसांपेक्षा वास्तू हाताळणे त्यांना जास्त साधे, हे इथे पथ्यावर पडले. नेपथ्य व्हिन्सेंट कोर्डा यांचे, लहान प्रतिकृतींची करामत नेड मान यांची. फ्रिट्झ लांग यांच्या 'मेट्रोपोलिस' या भविष्यातल्या काळोख्या यंत्रनगरीच्या चित्रपटावर वेल्स यांनी १९२७ मध्येच कडक टीका केली होती, आणि त्या चित्रपटात जे केले त्याच्या बरोबर उलट इथे हवे, अशी लेखी ताकीद त्यांनी चमूला दिली. म्हणून २०३६ चे एव्हरीटाउन जमिनीखाली असूनही लख्ख उजेडाचे, मोकळे आणि पांढरेशुभ्र आहे. पडद्यावर जुन्या काळाची चित्रे पाहणाऱ्या एका मुलीला, पूर्वीच्या घरांना खिडक्या असत, याचेच नवल वाटते.

शेवटच्या भागातला तंटा चंद्राभोवती दोन तरुणांना पाठवणाऱ्या 'अवकाश-तोफे'वरून आहे. शिल्पकार थिओटोकोपुलस प्रगतीला कंटाळलेला जमाव घेऊन ती फोडायला निघतो. तोफेतून सुटताना बसणाऱ्या धक्क्याने आतली माणसे जिवंत राहणे शक्य नाही, आणि अमेरिकन संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांनी द्रव इंधनाचे रॉकेट १९२६ मध्येच उडवले होते. वेल्स यांच्यासारख्याने तरीही तोफ का धरून ठेवली असावी? पडद्यावर ती भव्य दिसते, हे एक कारण नक्कीच.

आर्थर ब्लिस यांचे संगीत हे या चित्रपटाचे दुसरे बळ. वेल्स यांनी ते नंतर चिकटवण्याची गोष्ट मानली नाही. काही भाग चित्रीकरणाआधीच रचले गेले. चित्रपट लागण्यापूर्वी, १९३५ मध्ये, त्यातली संगीतमाला लंडनच्या प्रॉम्स मैफलीत वाजलीही. त्यातले संचलनगीत आजही वाद्यवृंद स्वतंत्रपणे वाजवतात.

पुढच्या पिढीत विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क यांना हा चित्रपट फार प्रिय होता. '२००१: अ स्पेस ओडिसी'च्या तयारीत त्यांनी तो दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक यांना आग्रहाने दाखवला, कुब्रिक यांना तो मुळीच आवडला नाही.

आज पाहायला मिळतो तो चित्रपट अपुरा आहे. सेन्सॉरपुढे गेलेली प्रत सुमारे १३० मिनिटांची होती. पहिल्या खेळापर्यंत ती ११७ वर आली, नंतरही कात्री चालत राहिली आणि सध्या प्रचलित असलेली प्रत ९० मिनिटांहून थोडीच जास्त आहे. थिओटोकोपुलसचे काम आधी अर्नेस्ट थेसिजर यांनी केले होते, ते बाद करून सेड्रिक हार्डविक यांच्याकडून पुन्हा करून घेतले. पुनर्उभारणीच्या प्रसंगासाठी बाउहाउस या जर्मन कलाशाळेत पूर्वी शिकवणारे लास्लो मोहोली-नागी यांनी प्रकाश, काच आणि सावल्यांचे अमूर्त प्रयोग चित्रित केले होते. त्यातले थोडेसे सेकंदच अंतिम चित्रपटात राहिले.