दगडू-धोंडू कुठे गेले?

एखाद्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर चाळायला मिळालं तर सोडू नका. शंभरेक वर्षांपूर्वीच्या पिवळ्या पानांवर दगडू, धोंडू, केरबा, उकंडा, भिकू, नथू अशी नावं भेटत राहतात. आज पहिलीच्या हजेरीत यातलं एखादं नाव सापडलं तर बाईसुद्धा चमकतील. नावांची फॅशन बदलते हे खरंच, पण इथे गोष्ट तेवढीच नाही. आधीची दोन-तीन मुलं दगावली की पुढच्या बाळाला मुद्दाम असं टाकाऊ नाव द्यायचे. उकिरड्यावरची वस्तू कोण कशाला उचलून नेईल? नथू म्हणजे मुलगी वाटावी म्हणून नाक टोचलेला मुलगा. (धोंडू मात्र जरा जपून मोजावेत. अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मलेलेही त्यात असतात.)

ही नावं म्हणजे आईबापांनी मृत्यूशी केलेली लपाछपी होती. ती खेळायची गरज उरली नाही, म्हणून नावं गेली. सामाजिक प्रगती म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी आधी या रजिस्टरकडे बोट दाखवीन.

आता हेच आकड्यांत. 1971 साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती, म्हणजे साधारण आठातलं एक. 2020 साली हा आकडा 28 होता आणि महाराष्ट्रात 16. याला अर्भक मृत्युदर म्हणतात. प्रगतीचं माप म्हणून दरडोई उत्पन्नापेक्षा मला हा आकडा जास्त भरवशाचा वाटतो आणि त्याचं कारण साधं अंकगणित आहे. तालुक्यात एखादा अब्जाधीश राहायला आला तर त्याच्या एकट्याच्या जोरावर तालुक्याचं दरडोई उत्पन्न फुगतं. त्याचं बाळ मात्र हिशेबात एकच धरलं जातं. अर्भक मृत्युदर खाली आणायचा तर पाड्यावरच्या, वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीच्या फडावरच्या बाळांना जगवावंच लागतं. दुसरी वाट नाही. उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षणही मोजा, हा महबूब उल हक आणि अमर्त्य सेन या अर्थतज्ज्ञांचा आग्रह होता. त्यातूनच 1990 मध्ये मानव विकास निर्देशांक आला.

पण आकडा खाली आणतं कोण? ‘पैसा आला की सगळं येतं’ हे उत्तर आपल्या तोंडात तयार असतं. सॅम्युअल प्रेस्टन या लोकसंख्याशास्त्रज्ञाने 1975 मध्ये ते तपासून पाहिलं. त्याने देशोदेशींचं उत्पन्न आणि आयुर्मान एका आलेखावर मांडलं, 1930 च्या दशकातलं आणि 1960 च्या दशकातलं. श्रीमंत देशांत माणसं जास्त जगतात हे दिसलंच. गंमत अशी, की तीस वर्षांत आख्खी रेषाच वर सरकली होती. तेवढ्याच उत्पन्नात माणसं आता जास्त जगत होती. प्रेस्टनच्या हिशेबाने आयुर्मानातल्या वाढीपैकी उत्पन्नवाढीचा वाटा 10 ते 25 टक्केच भरला. बाकीचं श्रेय लसी, औषधं, डासांचा बंदोबस्त, हात धुणं अशा गोष्टींचं, म्हणजे ज्ञानाचं आणि ते पोचवण्याच्या यंत्रणेचं.

‘पोचवण्याच्या’ या शब्दापाशी खरी मेख आहे, आणि ती समजून घ्यायला गडचिरोलीला जायला हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था उभी केली ती 1986 मध्ये. मुलं मरत होती त्यातलं एक मोठं कारण न्यूमोनिया. अँटिबायोटिक गोळ्या स्वस्त होत्या, पण न्यूमोनिया ओळखायचा कोणी? स्टेथोस्कोप आणि एक्स-रे तालुक्याला, बाळ रानातल्या गावात.

ओळखण्याची खूण तशी उघड्यावरच असते. न्यूमोनियात फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांमध्ये द्रव साठतो आणि फुप्फुस ताठर होतं. एका श्वासात पुरेशी हवा आत येईना, की शरीर श्वासांची संख्या वाढवून ती तूट भरून काढतं. आपल्याकडे बायका ‘पोरीचं पोट उडतंय’ म्हणतात, ते हेच. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त झाला, वर्षाखालच्या मुलाचा 50 आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40, तर न्यूमोनिया धरून चालावं. म्हणजे स्टेथोस्कोप नको, मोजता आलं की झालं. अडचण अशी, की गावातली दाई बाळंतपणात तरबेज असली तरी तिला साठपर्यंत अंक येतीलच असं नव्हतं.

मग तयार झाली मण्यांची पाटी आणि जोडीला एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर औषध सुरू. दहापर्यंत मोजता येणाऱ्या बाईला न्यूमोनियाचं निदान करता यायला लागलं. औषधशास्त्रातले मोठे शोध आपण कौतुकाने वाचतो. माझ्या मते ही पाटी त्यांच्याच पंगतीला बसवावी. ज्या गावांत असे उपचार होत होते तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 54 टक्क्यांनी कमी निघाले. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं.

पुढचा प्रश्न जास्त अवघड होता: जन्मानंतरचा पहिला महिना. त्या काळात बाळ-बाळंतीण घराबाहेर पडायची नाहीत आणि डॉक्टर घरात पोचायचा नाही. 1995-96 मध्ये ‘सर्च’ने 39 गावांतल्या नवजात बाळांची घरोघर जाऊन नोंद ठेवली. निम्म्याहून जास्त बाळांना कधी ना कधी वैद्यकीय मदतीची गरज पडली होती. ती मिळाली होती जेमतेम अडीच टक्के बाळांना. मग पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायका निवडल्या. वजन करणं, ताप मोजणं, बाळाला ऊबदार ठेवणं, न रडलेल्या बाळाला मास्क आणि रबरी फुग्याने श्वास देणं हे त्या शिकल्या. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शन देणंही शिकल्या. एवढंसं शिकलेल्या बाईच्या हाती नवजात बाळासाठी सिरिंज म्हटल्यावर अनेक कपाळांवर आठ्या पडल्या. तीन वर्षांत त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी 62 वरून सुमारे 25 वर आला. शेजारच्या तुलनेच्या 47 गावांत तो जवळपास होता तिथेच राहिला.

एक गोष्ट इथे सहज नजरेतून सुटते. पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका गावात होत्या, म्हणून त्या निवडता आल्या. पुण्यात भिडे वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली 1848 मध्ये. रानातल्या गावापर्यंत मुलींची शाळा पोचायला पुढे शंभरावर वर्षं गेली. पण ती पोचली नसती तर 1995 मध्ये तापाचा आकडा लिहून ठेवणारी बाई कुठून आणली असती?

शाळेचा परिणाम याहूनही आत जातो. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन काल्डवेल यांनी 1979 मध्ये नायजेरियातल्या योरुबा कुटुंबांची माहिती तपासली. शिकलेल्या आयांची मुलं जास्त जगत होती आणि हा फरक नवऱ्याच्या उत्पन्नाने वा धंद्याने उलगडत नव्हता. शाळेत बालसंगोपन शिकवत होते म्हणावं, तर तसंही नव्हतं. काल्डवेल यांचं म्हणणं असं, की शाळेने घरातली सत्ता हलवली. हे समजायला आपल्याला नायजेरियाला जायला नको. बाळाला ताप आहे, सासूबाई म्हणतात, ‘घुटी दे, दोन दिवस वाट बघू.’ चौथी शिकलेली सून मान खाली घालून ‘बरं’ म्हणते की ‘आई, मी आत्ताच नेते त्याला दवाखान्यात’ म्हणते? आणि दवाखान्यात कंपाउंडरने ‘उद्या या’ म्हटलं, तर ती तिथेच ठाण मांडून बसते का? कधीकधी बाळाचं जगणं या दोन वाक्यांवर ठरतं. केरळचा अर्भक मृत्युदर 2020 मध्ये 6 होता आणि मध्य प्रदेशाचा 43, त्यामागे असलाच इतिहास आहे.

आणि मोजणी. हा मुद्दा रूक्ष वाटतो, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वर जे 129 आणि 28 आपण बिनदिक्कत वापरले ते आले कुठून? नमुना नोंदणी पद्धतीतून. निवडलेल्या गावांत आणि वस्त्यांत एक जण वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस त्याची वही न बघता घरोघर जाऊन तेच विचारतो. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात आणि जिथे जुळत नाही तिथे पुन्हा त्या दारात जाऊन खातरजमा करतात. एवढा खटाटोप का? कारण बाळाचा मृत्यू लपायला फार सोपा असतो. ‘जन्मलंच नव्हतं’ म्हटलं की संपलं. ‘सर्च’ आणि राज्याच्या वेगवेगळ्या भागांतल्या संस्थांनी 2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालात आपापल्या भागातली मोजणी मांडली, तेव्हा सरकारी नोंदींत बरेच बालमृत्यू आलेलेच नाहीत हे समोर आलं. जो मृत्यू कागदावर नाही त्याबद्दल कोणी विधानसभेत प्रश्न विचारत नाही.

सरासरीचंही तसंच. महाराष्ट्राचा 16 हा आकडा मुंबई-पुण्याचा आणि धडगाव-धारणी-भामरागडचा मिळून आहे. पावसाळ्यात ज्या पाड्याचा रस्ता वाहून जातो तिथली आई त्या सोळात आपल्याला दिसत नाही.

दगडू-धोंडूंच्या काळी बाळाच्या पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाईची पूजा व्हायची, आजही होते. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते. त्या रात्री बाळाजवळ कोणीतरी जागं राहायचं. जुन्या बायकांनी दिवस बरोबर हेरले होते. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांपैकी तीन-चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात, आणि अस्वच्छ विळ्याने नाळ कापल्यावर होणारा धनुर्वातही याच सुमारास गाठायचा. (आयांना दिलेल्या लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे 2015 मध्ये भारत नवजात धनुर्वाताच्या यादीतून बाहेर पडला.)

गडचिरोलीच्या त्या प्रयोगातून पुढे देशभर घरभेटींचा कार्यक्रम आला. घरी बाळंतपण झालं तर आशाताई पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. सातव्या दिवशी सटवाईचा पाट अजून कोपऱ्यात असतो. ती हात धुते, बाळाला झोळीत घालून काट्यावर टांगते, काखेत थर्मामीटर धरते, पिशवीतून फॉर्म आणि पेन काढते आणि वजनाच्या रकान्यात आकडा लिहिते.