पार्सलचा दर विचारण्यापूर्वीचा तपशील

पार्सलचा दर विचारण्यापूर्वीचा तपशील : एखादी वस्तू कुरिअरने किंवा टपालाने पाठवायला किती खर्च येईल, हे विचारण्याआधी पाठवणाऱ्याने जमवून ठेवायची माहिती. बांधून तयार झालेल्या खोक्याची बाहेरची मापे, त्याचे वजन, दोन्ही टोकांचे पत्ते, आतल्या वस्तूंची यादी, त्यांची किंमत आणि पार्सल परदेशी जाणार असेल तर तिथला कर कोणी भरायचा, एवढ्या गोष्टी तीत येतात. महाराष्ट्रातल्या घरांना या तपशिलाची गरज सर्वांत जास्त भासते ती दिवाळीच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत, परदेशातल्या मुलाबाळांना फराळ पाठवताना. म्हणून या नोंदीत फराळाचेच पार्सल मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहे.

‘अमेरिकेला किलोचा काय भाव?’ हा प्रश्न त्या दिवसांत कुरिअरच्या काउंटरवर हमखास ऐकू येतो. त्याला उत्तरही मिळते, पण ते ढोबळ असते. आंतरराष्ट्रीय दर टप्प्यांनी लागतो. पहिला अर्धा किलो सर्वांत महाग पडतो आणि वजन वाढत जाईल तसा किलोमागचा भाव उतरतो. त्यामुळे तीन किलोचा भाव दहा किलोला लावून केलेला हिशेब चुकतोच. शिवाय ज्या किलोचा भाव सांगितला जातो, तो काट्यावरचाच किलो असेल असे नाही.

विमानात वजनालाही मर्यादा असते आणि जागेलाही. कुरमुऱ्यांनी भरलेले मोठे खोके काट्यावर हलके भरते, पण जागा पुरेपूर अडवते. या जागेचा मोबदला घेण्यासाठी मापांवरून एक वेगळे वजन काढले जाते. कुरिअरवाले त्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला ५,००० ने भागायचे. येणारा आकडा किलोमध्ये असतो. विमान कंपन्यांच्या नेहमीच्या मालवाहतुकीत ५,००० ऐवजी ६,००० हा भाजक चालतो. म्हणजे एका घनमीटरचे वजन कुरिअरवाला २०० किलो धरतो, तर विमान कंपनी साधारण १६७ किलो. काट्यावरचे वजन आणि हे वजन यांतले जे जास्त, त्यावर आकारणी होते. अमेरिकेत जमिनीवरून जाणाऱ्या लहान पार्सलांना ही पद्धत पूर्वी लागू नव्हती. तीन घनफुटांपेक्षा मोठ्या खोक्यांनाच ती लागत असे. फेडएक्स आणि यूपीएस या कंपन्यांनी २०१४ संपता-संपता आणि २०१५ च्या आरंभी ती सवलत काढून घेतली.

फराळाच्या बाबतीत हा हिशेब फार जवळून लागू पडतो. बेसनाचे लाडू आणि शंकरपाळे वजनाने भरतात, तर पातळ पोह्यांचा चिवडा, चकल्या आणि कडबोळी जागा खातात. समजा, सगळा फराळ डब्यांसकट आणि खोक्यासकट ६.२ किलो भरला. तो ४५ × ३५ × ३० सेंटिमीटरच्या खोक्यात भरला, तर गुणाकार ४७,२५० येतो आणि व्हॉल्युमेट्रिक वजन ९.४५ किलो होते. एक्सप्रेस सेवांमध्ये पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत आकडा वर नेतात, म्हणून आकारणी साडेनऊ किलोची. तोच फराळ ४० × ३० × २५ च्या खोक्यात नीट बसवला, तर हे वजन सहा किलो येते. मग काट्यावरचे ६.२ जास्त ठरते आणि पैसे साडेसहा किलोचे लागतात. फराळ तोच, पत्ता तोच, फरक तीन किलोंचा. किराणा दुकानातून आणलेले मोठे रिकामे खोके फुकट मिळते खरे, पण त्यातली पोकळी कागदाच्या बोळ्यांनी भरून विमानाने पाठवणे हा यातला सर्वांत महाग व्यवहार आहे.

माप घेण्याचीही एक रीत आहे. दुकानात खोक्यावर छापलेली मापे बरेचदा आतली असतात, आणि फाइव्ह-प्लाय (पाच थरांच्या) खोक्याच्या जाड भिंतींमुळे बाहेरचे माप सेंटिमीटरभर तरी जास्त भरते. म्हणून डबे आत ठेवून, कोपऱ्यांत भराव घालून, टेप लावून खोके पूर्ण बंद झाल्यावरच मेजपट्टी काढावी, आणि ती कडेला न लावता जिथे खोके सर्वांत फुगलेले असेल तिथे लावावी. चिवड्याची पिशवी वरच्या बाजूला दाबून भरली की झाकणाच्या पट्ट्या मध्यभागी उचलल्या जातात. वरच्या उदाहरणातल्या छोट्या खोक्याची उंची अशा फुगवट्याने २५ ची २८ झाली, तर व्हॉल्युमेट्रिक वजन ६.७२ किलो होते आणि आकारणी सातवर जाते. काउंटरवरचा माणूस फुगवट्यावरच टेप धरतो, आणि कंपनीच्या केंद्रावरचे यंत्रही तेच मोजते. चकल्यांसाठी घट्ट झाकणाचे चौकोनी डबे वापरले की खोके फुगत नाही आणि चकल्याही मोडत नाहीत. गोल डब्यांच्या मधली जागा मात्र वाया जाते. घरच्या काट्यावर खोके बसत नसेल, तर आधी स्वतःचे वजन करावे, मग खोके उचलून पुन्हा करावे. वजाबाकीने आलेला आकडा दर विचारण्यापुरता पुरतो, फक्त तो वरच्या बाजूला धरावा.

देशांतर्गत पार्सलाच्या पत्त्यात पिनकोड सर्वांत महत्त्वाचा. ही सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि तिची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतात काव्य करणारे मराठी अधिकारी होते, हे आवर्जून सांगण्यासारखे आहे. पहिल्या तीन आकड्यांवरून छाननीचा जिल्हा कळतो (४११ म्हणजे पुणे, ४०३ म्हणजे गोवा), तर शेवटच्या तीनांवरून वाटपाचे टपाल कार्यालय. खासगी कुरिअर कंपन्या आपापल्या पोहोचेनुसार काही पिनकोड दूरचे ठरवतात आणि त्यासाठी जादा आकार लावतात. कोकणातल्या किंवा मेळघाटातल्या गावाला पाठवताना केवळ तालुक्याचे नाव सांगून विचारलेला दर नंतर वाढतो तो याच कारणाने. परदेशी पत्त्यात तिथल्या टपाल क्रमांकाबरोबर घेणाऱ्याचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल द्यावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीत पिनकोडसारखी पद्धतच नाही. दुबईला पार्सल पाठवताना इमारतीचे नाव आणि चालू फोन क्रमांक यांवरच सगळी भिस्त असते.

आत काय आहे, याचे उत्तर ‘खाऊ’ किंवा ‘घरगुती सामान’ असे देऊन चालत नाही. प्रत्येक पदार्थ, त्याचे वजन आणि किंमत वेगवेगळी लिहावी लागते. चकली म्हणजे काय हे परक्या देशातल्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला कळावे म्हणून ‘तळलेला तांदूळ-डाळीचा खारा पदार्थ’ असे इंग्रजीत लिहिलेले बरे. सोबत पाठवणाऱ्याचे ओळखपत्र लागते. व्यापारी मालासाठी एचएसएन क्रमांकही, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा संकेतांक, द्यावा लागतो. नमकीन आणि मिठाई साधारणपणे २१०६ या शीर्षाखाली येतात.

इथे घरी केलेला आणि विकत घेतलेला फराळ यांत एक भेद पडतो, आणि तो दर विचारतानाच सांगायला हवा. २००२ च्या कायद्यानुसार अमेरिकेत येणाऱ्या खाद्यपदार्थांची पूर्वसूचना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला द्यावी लागते. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरी बनवून तिनेच वैयक्तिक भेट म्हणून पाठवलेल्या पदार्थांना यातून सूट आहे. आईने केलेले लाडू आईनेच लेकीला पाठवले तर ते या सवलतीत बसतात. दुकानातून आणलेली चिवड्याची पाकिटे बसत नाहीत, त्यांच्यासाठी उत्पादकाचा तपशील भरावा लागतो. हा तपशील भरून देण्याचे पैसे काही कुरिअरवाले वेगळे घेतात. युरोपीय संघात खासगी पार्सलांतून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, तिथे खव्याचे पेढे अडतात. फराळाबरोबर अत्तर, बॉडी स्प्रे किंवा पॉवर बँक घालण्याचा मोह आवरावा, कारण ही हवाई वाहतुकीच्या दृष्टीने धोकादायक वस्तू आहेत आणि एका बाटलीसाठी सगळे खोके परत येऊ शकते.

किंमत शून्य लिहिता येत नाही. फार कमी लिहिली, तर पार्सल गहाळ झाल्यावर भरपाईही तेवढीच मिळते. खरी किंमत ठरवून ठेवण्याचे दुसरे कारण म्हणजे करमाफीची मर्यादा. भेटवस्तूंसाठी ती अमेरिकेत १०० डॉलर, ब्रिटनमध्ये ३९ पौंड, युरोपीय संघात ४५ युरो आणि कॅनडात ६० कॅनेडियन डॉलर अशी राहिली आहे. अमेरिकेत याशिवाय ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली सर्वसाधारण सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. कर कोणी आणि कसा गोळा करायचा हेच स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेला जाणाऱ्या बहुतेक टपालाचे बुकिंग थांबवले आणि ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केले, म्हणजे दिवाळी आठवड्यावर आलेली असताना. तेव्हापासून ‘कर धरून सांगता की न धरता?’ हा प्रश्न दर विचारणाऱ्याच्या कागदावर सर्वांत वर असला पाहिजे. कर धरलेला नसेल, तर पैशांची मागणी तिकडे दारात घेणाऱ्याकडे होते. भेट म्हणून पाठवलेल्या फराळासाठी मुलीला खिशात हात घालावा लागू नये, ही साधी अपेक्षा आहे.

एवढा तपशील एका कागदावर उतरला की तोच, एक अक्षरही न बदलता, दोन-तीन ठिकाणी दाखवून दर घ्यावेत. सांगितलेल्या आकड्यात इंधन अधिभार, १८ टक्के जीएसटी, घरून उचलण्याचा आकार आणि पॅकिंग धरले आहे का, हे प्रत्येकाला विचारावे. अनेकदा स्वस्त वाटलेला दर या चार गोष्टी मिळवल्यावर वर जातो. टपाल खात्याचे दर जाहीर असतात, पण तिथे मापाची मर्यादा पाहावी लागते. आंतरराष्ट्रीय पार्सलाची कोणतीही एक बाजू साधारणपणे दीड मीटरच्या आत, आणि लांबी व घेर मिळून तीन मीटरच्या आत असावी लागते.

राज्यातल्या राज्यात एसटीने किंवा ट्रान्सपोर्टने पाठवताना एवढा खटाटोप नसतो. तिथे नगांची संख्या, वजन आणि कोणत्या डेपोत किंवा गोदामात उतरवायचे हे पुरते. विक्रीचा माल असेल तर त्याचे मूल्य सांगावे लागते, कारण एरवी ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागते. महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीसाठी ही मर्यादा १ लाख रुपये आहे.

काउंटरवर मिळालेला दर अंतिम नसतो. कंपनीच्या मुख्य केंद्रावर खोके यंत्राखालून जाते, तिथे माप आणि वजन पुन्हा घेतले जाते आणि फरकाचे बिल नंतर येते. काट्यावर ठेवलेल्या खोक्याचा आकडा दिसेल असा फोटो, तीनही बाजूंना टेप धरून काढलेले फोटो आणि पावतीवर लिहून घेतलेली मापे जवळ असतील, तर त्या बिलावर हरकत घेता येते.