चार पौंडांचा नियम आणि बिली मेरेडिथ

१९०१ पासून इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायला बंदी आली. सामना जिंकल्याचा बोनसही बंद. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच हाती राहायची, आणि क्लबने सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. बिली मेरेडिथची कारकीर्द समजून घ्यायची तर हे नियम आधी माहीत हवेत.

मेरेडिथ वेल्समधल्या चर्क या खाणगावचा. जन्म १८७४ चा. बाराव्या वर्षी तो कोळशाच्या खाणीत कामाला लागला. १८९४ मध्ये मँचेस्टर सिटीकडून खेळू लागल्यावरही सुरुवातीला तो आठवडाभर खाणीत राबायचा आणि शनिवारी सामन्याला हजर व्हायचा. उजव्या बगलेवरून चेंडू पार कोपऱ्यापर्यंत न्यायचा आणि गोलसमोर अचूक क्रॉस टाकायचा, हा त्याचा खेळ. खेळतानाही तोंडात दात कोरायची काडी असे. २३ एप्रिल १९०४ रोजी क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर सिटीने बोल्टनला १-० असे हरवून एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची मोठी स्पर्धा जिंकली. संघाचा कर्णधार मेरेडिथ होता आणि सामन्यातला एकमेव गोलही त्याचाच. सिटीचे हे पहिले मोठे विजेतेपद.

वर्षभरातच सगळे फिरले. १९०५ मध्ये ॲस्टन व्हिलाच्या ॲलेक लीकला सामना मुद्दाम हरण्यासाठी दहा पौंड देऊ केल्याचा ठपका ठेवून इंग्लिश फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने मेरेडिथला निलंबित केले. क्लबने हात वर केल्यावर त्याने तोंड उघडले, आणि सिटी आपल्या खेळाडूंना मर्यादेबाहेर पैसे देत होती हे बाहेर आले. १९०६ मध्ये १७ खेळाडूंवर १ जानेवारी १९०७ पर्यंत बंदी आली. सिटीचे सेक्रेटरी टॉम मेली यांच्यावर तर आजन्म. लाच देऊ करणे चूकच. पण मला या प्रकरणाचे मूळ चार पौंडांच्या नियमातच दिसते. ज्यांच्यासाठी हजारो लोक तिकीट काढून येत, त्यांना चोरवाटेने पैसे देण्याची सवय या नियमानेच क्लबांना लावली होती.

मेरेडिथ शेजारच्या मँचेस्टर युनायटेडकडे गेला. सँडी टर्नबुल, हर्बर्ट बर्जेस आणि जिमी बॅनिस्टर हे सिटीचे सहकारीही तिकडेच आले. युनायटेडने १९०८ आणि १९११ मध्ये लीग, तर १९०९ मध्ये एफए कप जिंकला.

त्या यशापेक्षाही २ डिसेंबर १९०७ ही तारीख मला मोलाची वाटते. त्या दिवशी मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात मेरेडिथच्या अध्यक्षतेखाली खेळाडूंची सभा झाली आणि त्यांची संघटना उभी राहिली. पगाराची मर्यादा उठवा आणि क्लब बदलण्याचे स्वातंत्र्य द्या, या तिच्या मुख्य मागण्या. खाणकामगारांच्या गावात वाढलेल्या माणसाला एकजुटीचे बळ वेगळे शिकवावे लागले नसणार. १९०९ च्या उन्हाळ्यात असोसिएशनने खेळाडूंना संघटना सोडण्याचा हुकूम दिला. बहुतेकांनी माघार घेतली, पण युनायटेडचे खेळाडू हटले नाहीत. क्लबने दार बंद केल्यावर ते स्वतःच सराव करत राहिले, आणि 'आउटकास्ट्स एफसी' (बहिष्कृतांचा फुटबॉल क्लब) अशी पाटी ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला. हंगामाच्या तोंडावर तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली, पण इतर कामगार संघटनांच्या महासंघाशी असलेला संबंध सोडावा लागला. चार पौंडांची मर्यादाही उठली नाही.

मेरेडिथ खेळतच राहिला. वेल्ससाठी तो ४८ सामने खेळला. त्यातला शेवटचा मार्च १९२० मध्ये इंग्लंडविरुद्ध. तो वेल्सने जिंकला, तेव्हा मेरेडिथ ४५ वर्षांचा होता. १९२१ मध्ये तो सिटीकडे परतला आणि मार्च १९२४ मध्ये न्यूकॅसलविरुद्धच्या एफए कप उपांत्य सामन्यात अखेरचा उतरला, तेव्हा पन्नाशीला चारच महिने उरले होते.

१९५८ मध्ये मँचेस्टरमध्ये त्याचे निधन झाले. पगाराची मर्यादा रद्द झाली १९६१ मध्ये. त्याच्या कबरीवर २००१ पर्यंत साधा दगडही नव्हता. तो बसवायला दोन्ही मँचेस्टर क्लब आणि वेल्सची असोसिएशन यांच्यासोबत खेळाडूंची संघटनाही पुढे आली.