मालिकेतलं स्वप्न आपल्याला का भावत नाही?

सप्टेंबर 1986 मध्ये 'डॅलस' या अमेरिकी मालिकेच्या प्रेक्षकांना कळलं की वर्षभर आपण जे पाहिलं ते घडलंच नव्हतं. बॉबी युइंग या पात्राला 1985 मध्ये मारून टाकलं होतं. पुढे तो साकारणारा पॅट्रिक डफी परतायला तयार झाला, मग मेलेल्याला उठवायचं कसं? त्याची पूर्वीची बायको पॅम सकाळी जागी होते, तर बॉबी अंघोळ करतोय. मधलं सगळं पॅमचं स्वप्न!

लोक चिडले ते फसवणुकीमुळे, हे उघड आहे. ज्या पात्रांसाठी जीव खालीवर झाला त्यांना काही झालंच नाही म्हटल्यावर चिडणारच. पण 'हे स्वप्न आहे' असं आधीच सांगून दाखवलेले भागही बऱ्याचदा कंटाळवाणे होतात. तिथे तर कुणी फसवलेलं नसतं. त्याचं कारण मला झोपेच्या विज्ञानात सापडतं.

धुकं, संथ हालचाली, घुमणारे आवाज म्हणजे स्वप्न, हा पडद्याने रुजवलेला गैरसमज. प्रयोगशाळेत झोपलेल्यांना मध्येच उठवून स्वप्नं नोंदवली, तर त्यातली बरीचशी साधीच निघतात. ओळखीची माणसं, गप्पा, कुठेतरी जाणं. मग स्वप्न 'स्वप्नासारखं' होतं कशाने?

1953 मध्ये आसेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी रेम झोपेचं वर्णन केलं. या झोपेत बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात आणि मेंदूच्या लहरी जवळपास जागेपणीसारख्या दिसतात. प्रौढांच्या झोपेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा अशा झोपेत जातो, आणि ठसठशीत स्वप्नं बहुतेक इथलीच. नव्वदच्या दशकात पेट स्कॅनने या अवस्थेतला मेंदू पाहिला, तेव्हा अमिग्डाला हा भावनांशी संबंधित भाग जोरात चाललेला आढळला. उलट कपाळामागचा एक भाग मंदावलेला होता. त्याचं नाव लांबलचक आहे, डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. मी त्याला तपासनीस म्हणतो. दोन मिनिटांपूर्वी काय होतं ते ध्यानात ठेवून आत्ताच्याशी ताडून पाहण्यात त्याचा मोठा वाटा असतो.

रसायनांचा खेळ तर आणखी सुरेख आहे. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा चिमुकला पुंजका आहे. जागेपणी काही अनपेक्षित घडलं की तो नॉरअॅड्रिनॅलिन या सावध करणाऱ्या रसायनाचा फवारा सोडतो : 'अरे, हे काय!' रेम झोपेत हा पुंजका जवळजवळ मुका होतो. सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीही गप्प बसतात, मेंदूला चेतवणारं अॅसिटिलकोलिन मात्र भरपूर असतं. म्हणजे चित्रं तयार करणारा मेंदू पेटलेला, पण दचकवणारी आणि पडताळणारी यंत्रणा बंद. शाळेतल्या मित्राशी बोलता बोलता त्याचा चेहरा साहेबांचा होतो आणि तुम्ही वाक्य पूर्ण करता! रसायनापासून अनुभवापर्यंतचा हा शेवटचा दुवा अनुमानाचा आहे, पण पटण्याजोगा आहे. स्वप्नाचं स्वप्नपण चित्रात कमी आणि पाहणाऱ्याच्या मेंदूच्या अवस्थेत जास्त आहे.

आणि मालिका पाहणाऱ्याचा तपासनीस टक्क जागा असतो. चेहरा बदलला की तो लगेच म्हणतो, 'बरं, स्वप्न आहे.' स्वप्न चालू असताना 'हे स्वप्न आहे' हे कळण्याचा प्रकार खरोखर असतो. 1975 मध्ये कीथ हर्न यांनी अशा झोपलेल्या माणसाने डोळे डावी-उजवीकडे फिरवून आधी ठरवलेली खूण दिल्याची नोंद केली. असं भान आलेला माणूस निदान उडायचं ठरवू शकतो. प्रेक्षकाला भान पूर्ण असतं, पण हातात काहीच नसतं.

दुसरी गोची रचनेची. स्टिकगोल्ड आणि हॉब्सन या झोपेच्या अभ्यासकांच्या गटाने स्वप्नांच्या नोंदी मधोमध कापून एकीला दुसरीचं शेपूट जोडलं आणि वाचणाऱ्यांना जोड ओळखायला सांगितलं. एरवी ती ओळखू यायची. पण मूळ स्वप्नातच जिथे प्रसंग बदलला होता, तिथे कापलं की ओळखणं अवघड झालं. एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना धागा तुटतो तो असा. पटकथेतल्या स्वप्नात मात्र बंद दार म्हणजे अपराधगंड, थांबलेलं घड्याळ म्हणजे मृत्यू. सगळं कोड्यासारखं घट्ट विणलेलं. अमुक दिसलं की तमुक घडतं असं छापणारी स्वप्नफलाची पुस्तकं आणि तेच मोबाइलवर विकणारी अॅपं हीच चूक करतात, फक्त त्यांचा धंदा मालिकांपेक्षा बरा चालतो.

या युक्तीला जमलेला अपवादही आहे. 1990 मध्ये 'न्यूहार्ट' या विनोदी मालिकेच्या अखेरच्या प्रसंगात नायक जागा होतो तो त्याच अभिनेत्याच्या सत्तरच्या दशकातल्या जुन्या मालिकेच्या शयनगृहात, शेजारी तिथली बायको. आठ वर्षांची अख्खी मालिका स्वप्न ठरली, तरी लोक खूश. ती जुनी खोली ओळखण्यातच गंमत होती, आणि ओळखायला तपासनीस जागाच लागतो.